वकिलातीतली म्हैस

"हितला रोल कुठं गेला?"

पंचाक्षरी पेंटर दारातच थबकला होता. रेनकोटावरून पाणी निथळत होतं, खांद्यावर लक्ष्मीपुरीतून आणलेली जाड पुठ्ठ्याची लांबलचक नळी होती आणि नजर वर्कशॉपच्या रिकाम्या कोपऱ्यावर खिळली होती. आतल्या उंबऱ्याशी त्याची बायको शांतव्वा तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपावरून मान वर केली नाही.

"कंचा रोल?"

"ह्या कोपऱ्यात हुबा केलता त्यो. जुन्या कापडात गुंडाळलेला."

"त्यो व्हय? धोंडुबाई आलती सकाळी. गोठ्यावरचं कापड फाटलंय म्हणाली. दिला की तिला."

"कुणाला इच्यारून दिलास?"

"आता ह्यात काय इच्यारायचं? दर पावसाळ्याला देतोय न्हवं?"

"अगं, सरकारचं चित्र हुतं त्यात!"

सूप थांबलं. शांतव्वा निपाणीकडची, घाबरली की तिच्या तोंडी माहेर यायचं. "अय्यो शिवा," ती पुटपुटली. पण बायको असल्यामुळे दुसऱ्याच क्षणी सावरलीही. "आन वरनं जुनं कापड कुणी गुंडाळलंतं?"

गुंडाळलं होतं त्यानंच. नव्या चित्राला ओल लागू नये म्हणून घरातलं सगळ्यांत जाड, तेल प्यालेलं जुनं बॅनर त्यानं बाहेरून लपेटलं होतं. जन्मभर ज्या कापडाचं छप्पर होताना बघितलं, तेच कापड चित्राला पांघरून तो निर्धास्त झाला होता. शहाण्या माणसाच्या हातून अशा चुका होत नाहीत. त्या धंद्यात मुरलेल्या माणसाच्याच हातून होतात.

कोल्हापुरात सिनेमाचा बोर्ड शुक्रवारी चढायचा आणि सिनेमा उतरला की उतरायचा. उतरलेल्या कापडावर तेलरंगाचे थर असायचे, त्यातून पाणी आत जात नाही. मग ते कापड फुकटात नाहीतर एका कासंडीभर दुधावर गवळ्यांच्या गोठ्यावर जायचं. कोल्हापूरच्या म्हशींनी जेवढे हिरो डोक्यावर घेतले तेवढे ते पब्लिकनंही घेतले नसतील. पंचाक्षरीनं तरुणपणापासून काढलेल्या चित्रांपैकी घरातली दोन-चार जुनी बॅनरं सोडली तर एकही म्हणून शिल्लक नव्हतं. बाकी सगळी पावसात कुजून गेली होती. एकावरही त्याचं नाव नव्हतं, कारण बोर्डावर पेंटरनं नाव घालायची पद्धतच नव्हती. आणि आता तर बोर्डच नव्हते. राजारामपुरीत फ्लेक्सचं मशीन आलं होतं, ते जेवायच्या सुट्टीत हिरोचं तोंड छापून मोकळं व्हायचं.

अशात दिल्लीहून सुष्मिताचा फोन आला होता. सुष्मिता मूळची जयसिंगपूरची. लहानपणी शाळेला जाताना टॉकीजवरचे पंचाक्षरीचे बोर्ड बघत उभी राहायची आणि रोज छडी खायची. शिकून ती दिल्लीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. त्या ऑफिसकडे आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात भारताच्या नव्या वकिलातीची इमारत बांधायचं काम होतं. इमारतीच्या खर्चातला थोडा हिस्सा चित्रं आणि मूर्ती यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. कुणाचं काय घ्यायचं ते समिती ठरवणार होती. समितीपुढे मोठमोठी नावं होती. त्या नावांत सुष्मितानं हट्टानं एक नाव घातलं: पंचाक्षरी पेंटर, कोल्हापूर.

त्यानं गंगावेशीतला दूध कट्टा काढला, जिथं माणसं म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं पितात. पहाटेचा दिवा, रांगेनं उभ्या म्हशी, चरवी गुडघ्यात धरून धार काढणारे गवळी, आणि पेला घेऊन ताटकळलेली माणसं. समितीतल्या कुणीतरी सुचवलं, म्हशीच्या जागी गाय दाखवा, परदेशात बरं दिसेल. पंचाक्षरीनं उलट निरोप दिला, "गाय काढतो. पर मग पेल्यात दूध कुणाचं दाखवू?" त्यावर समितीत कोणीतरी हसलं असावं, कारण म्हैस मंजूर झाली. पेपरात बातमी आली. मागोमाग वाचकांची पत्रंही आली, की लोकांच्या पैशांतून परदेशी भिंती सजवण्याचं हे काय खूळ आहे.

चित्र पुरं झाल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात त्यानं नाव लिहिलं. दुकानांच्या पाट्या तो बोलता बोलता रंगवायचा. पण त्या सहा-सात अक्षरांना त्याची सबंध सकाळ गेली. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर शांतव्वाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं हाय की." एवढंच. पण दुपारी तिनं पुरणाचा घाट घातला होता.

आणि ते चित्र आज दुपारी ह्या नळीवर गुंडाळून ट्रकवर चढायचं होतं. पंचगंगेनं पात्र सोडलं होतं, शिरोलीच्या रस्त्याला पाणी लागायच्या आत ट्रक पुढं काढायचा होता. मुंबईहून बोट ठरलेली होती.

"मी जाऊन येतो," तो म्हणाला.

"नळी कशाला नेताय?" शांतव्वा ओरडली. तोवर तो नळीसकट गल्लीच्या टोकाला पोचला होता.

धोंडुबाईचा गोठा नदीकडच्या उताराला, तालमीच्या मागं होता. पंचाक्षरीला लांबूनच तो दिसला. गोठ्यावर त्याचं चित्र ताणून बांधलं होतं, रंगवलेली बाजू वर. त्याला लपेटलेलं जुनं बॅनर वाऱ्याच्या बाजूला आडोशाला लावलं होतं. गवळ्यांना कापडाची उलटसुलट बरोबर कळते. काठाला भोकं पाडून सुंभानं बांधलं होतं. पहाटेच्या दिव्यावर, पेल्यांवर, म्हशींच्या पाठीवर पाऊस ताडताड वाजत होता आणि पाणी ओघळून जात होतं. त्यानं पहिल्यांदा समोरचे काठ बघितले. भोकं कोऱ्या पट्टीत होती, चौकटीवर ठोकायला सोडलेल्या. दिसत होतं तेवढ्यात चित्राला धक्का नव्हता. त्याला हायसं वाटलं.

"धोंडुबाई!"

"बोंबलू नका पेंटर." धोंडुबाई गोठ्याच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. आत तिचा दीर केरबा म्हशीच्या मागं गुडघ्यावर होता. "रंभा आडलीया. रेडकाचा एक पाय मागं ऱ्हायलाय."

रंभा जमिनीवर आडवी पडून कण्हत होती. पंचाक्षरीनं तिला पुष्कळदा काढली होती. चित्रात सगळ्यांत पुढं उभी होती ती हीच. त्याच्या घरात रोजचं दूध हिचंच यायचं.

"हे कापड..." त्यानं सुरुवात केली.

"बघितलं वो!" धोंडुबाईनं त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. एवढ्या घोरातही तिचा चेहरा उजळला. "उलगडलं तवा खरं सांगते, रडूच आलं मला. आमची रंभा! कानाची चीर सुदिक काढलीया. केरबाला म्हटलं, पेंटर तोंडानं कदी गोड बोलायचा न्हाय, पर आमची म्हस काढून आमालाच पाठवली बघ. चित्र वर आन म्हस खाली. हिला आज बळ यील म्हटलं."

असलं कौतुक पंचाक्षरीचं आयुष्यात कोणी केलं नव्हतं. आणि नेमकं तेच त्याला आता मोडायचं होतं. थोडं थांबावं असं त्याला वाटलं. पण थांबून बोलणं सोपं होणार नव्हतं.

"धोंडुबाई, ते चुकून आलंय."

"म्हंजी?"

"शांतव्वाला ठावं नव्हतं. ते सरकारचं हाय. परदेशात वकिलातीत लावायचं हाय. आज ट्रक यायलाय न्यायला."

धोंडुबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. तो जाताना पंचाक्षरीला दिसला, आणि नको ते दिसल्यासारखं त्यानं खाली बघितलं.

"असं व्हय," ती म्हणाली. "मग न्या की. आमी काय सरकारचं ठेवून घेनार हाय? पर आत्ता न्हाय. म्हस मोकळी हूंदे, वार पडूंदे, मग छपराला हात लावा. मधी वर खडाखडा झालं की म्हस कळा सोडती. सोडली की आत रेडकू मेलं म्हनून समजा."

तो मुकाट्यानं बाजूला जाऊन भिंतीला टेकला. नळी खांद्यावर तशीच होती.

ट्रक आला तो तालमीपाशीच अडकला, गल्लीत शिरेना. त्यातून सुष्मिता उतरली. वर्कशॉपवर शांतव्वानं तिला पत्ता सांगितला होता, पण बाकी काही सांगायची हिंमत केली नव्हती. त्यामुळं तिनं बघितलं ते एकदमच बघितलं. हातातली छत्री कलती झाली आणि ती पावसात उभी राहिली.

"काका, हे काय आहे?"

"चूक झाली," पंचाक्षरी म्हणाला आणि सगळं सांगितलं.

"मग काढा ना! ट्रकवर दोन माणसं आहेत. पाच मिनिटांचं काम आहे."

"म्हस आडलीया."

"ट्रकमधली ताडपत्री टाकू वरून. तिला थेंबसुद्धा लागणार नाही."

आतून धोंडुबाईचा आवाज आला. "बाई, तुमी दिल्लीस्नं आलासा, तुमाला मान हाय. पर आत्ता कुणी वर हात लावला तर त्याचा हात ऱ्हायचा न्हाय."

सुष्मितानं दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. जयसिंगपूरची असल्यामुळं तिला अडलेली म्हैस म्हणजे काय ते कळत होतं. आणि दिल्लीची असल्यामुळं बोट चुकली तर काय होईल तेही कळत होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "समितीत तुमच्यासाठी मी एकटी बोलले होते काका. आज माल निघाला नाही तर तिथं दुसऱ्याचं चित्र लागेल. तयार आहे त्यांच्याकडं. परत कोल्हापूरचं नाव काढायला मला तोंड राहणार नाही."

"मलाबी कुठं हाय?" पंचाक्षरी म्हणाला.

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. कोल्हापुरात कोणाच्या घरचं दूध नासलं तरी बघायला माणसं जमतात, इथं तर सरकारी चित्र आणि अडलेली म्हैस अशी दोन्ही एका जागी होती. तालमीच्या ओट्यावर गणपतराव बसले होते. तालमीचे कारभारी, वय झालेलं, आवाज मात्र तसाच.

"पेपरात वाचलं म्या," ते म्हणाले. "लोकांच्या पैशानं परदेशात भिंतीला म्हशी टांगायच्या. आन हितल्या म्हशी पावसात! काय डोस्कं म्हनायचं सरकारचं?"

"आजोबा, परदेशातल्या माणसांना आपलं गाव दिसतं त्यातनं," सुष्मिता म्हणाली. "सगळं काय फक्त मोठ्या शहरातल्यांचंच लागायचं का भिंतीवर?"

"अगं, लागूंदे की! पर आदी आमच्या नळाला पानी येऊंदे."

"लोकांच्या पैशाचं हाय न्हवं?" गोठ्यातून धोंडुबाई ओरडली. "मग त्यात आमचाबी वाटा हाय. आमचा वाटा म्हनून आजचा दिस छपराला ऱ्हाऊंदे!"

गल्ली हसली. सुष्मिताही क्षणभर हसली. पंचाक्षरीला मात्र हसू येईना. त्याचे कान आतल्या कण्हण्याकडं लागले होते. ते आता थकल्यासारखं, तुटक येत होतं. एकदा तर पार थांबलं. केरबानं शिवी हासडली आणि म्हणाला, "वैनी, धर फुडनं!"

ड्रायव्हर पुढं आला. "म्याडम, शिरोलीकडनं मानूस आलाय. पानी रस्त्याच्या कडंला टेकलंय. पोलीस दोर बांधायलेत. लौकर न्हाय सुटलो तर गेलो."

सुष्मितानं पंचाक्षरीकडं बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, एक दोर सोडावा, हळूच, आवाज न करता. दुसरा सोडावा. आपलंच तर आहे. म्हैस काय, व्याली तर व्याली, नाहीतर जनावराचं नशीब. असा विचार आपल्या मनात आला हे त्याला कळलं आणि तो गोठ्याच्या खांबापासून दोन पावलं मागं सरला. जवळ उभं राहायची त्याला स्वतःचीच भीती वाटली.

मग आतून केरबाचा आवाज फुटला. "आला! पाय आला! सोड आता, सोड!"

ओलं, जड काहीतरी गवतावर घसरल्याचा आवाज झाला. मग बारीक, चिरका हंबर आला.

"रेडी हाय!" धोंडुबाई म्हणाली आणि तिचा आवाज कापला. "रंभे, रेडी झालीया तुला!"

गल्लीत एकच गलका झाला. गणपतरावांनी ओट्यावरूनच हात जोडले. ड्रायव्हरनं सुद्धा टोपी काढली. पण रेडकाच्या मागनं येणारी वार अजून पडायची होती, आणि ती पडेपर्यंत धोंडुबाई कोणाला जवळ फिरकू देणार नव्हती. रंभा उठून रेडकाला चाटत राहिली. पाऊस वाढला. ड्रायव्हर ट्रक सुरू करून बसला, म्हणजे निदान कोणाला तरी लाज वाटेल. तेवढ्यात शांतव्वाही येऊन पोचली, डोक्यावर घरातल्या दुसऱ्या एका जुन्या बॅनरचा गुंडाळा घेऊन, नखशिखांत भिजलेली. कोणीही काही न विचारता ती म्हणाली, "मला काय सपान पडलंतं आत काय हाय ते?"

"पडली!" केरबा ओरडला. "वार पडली! कापड द्या कायतरी, लौकर. कुत्री टपून बसल्यात."

पंचाक्षरी सगळ्यांत जवळ होता. एकेक क्षण त्याला जड झाला होता. खांबाच्या बुडाशी चिखलात कापडाचा एक तुकडा पालथा पडला होता. मळका, राखाडी. त्यानं तो उचलला आणि वाकून आत दिला. केरबानं त्यात वार गुंडाळली, सुतळीनं आवळली आणि तो पळतच घाटाकडं गेला.

धोंडुबाई बाहेर आली. हात धुतले. मग पहिला दोर तिनंच सोडला.

"धरा रं चार कोपरं. चिखलात पाडू नका. सरकारचं हाय."

चौघांनी चित्र उचललं. गोठ्यावर उघडं आभाळ आलं तशी तिनं आपल्या अंगावरचं घोंगडं रेडकावर टाकलं आणि स्वतः तशीच पावसात उभी राहिली. शांतव्वा जुनं बॅनर घेऊन पुढं झाली. त्यावर कुठल्याशा सिनेमाचा व्हिलन होता, डोळे वटारलेला. दोघी बायका तो बांधायला लागल्या. शांतव्वानं दोराचं टोक पुढं केलं आणि धोंडुबाईनं ते घेतलं.

गणपतरावांनी तालीम उघडून दिली. आखाड्याच्या बाजूच्या फरशीवर चित्र पसरलं. शेजारच्या बायका जुनी लुगडी घेऊन पुसायला बसल्या. कोपऱ्यातल्या गवळ्यात कोणाला आपला बाप दिसला, पेला धरलेल्या माणसात कोणाला आपण. गणपतराव बराच वेळ बघत राहिले. त्यांनी घसा खाकरला, पण पैशाचं पुन्हा काही काढलं नाही.

"काका," सुष्मिता म्हणाली, "तुमची सही कुठं आहे?"

खालचा उजवा कोपरा नव्हता. हातभर लांबरुंद तुकडा चाकूनं सरळ कापलेला होता.

"खांब आडवा येत हुता," दारात केरबा उभा होता, घाटावरून धापा टाकत आलेला. "कापड बसंना, म्हनून कापला मी कोपरा. का वो?"

"तुकडा कुठाय तो?" सुष्मितानं विचारलं. "असेल तर शिवून टाकू. चार टाक्यांचं काम. चौकटीत दिसणारही नाही."

केरबानं पंचाक्षरीकडं बघितलं. पंचाक्षरीला ते आधीच कळलं होतं. त्याच्या बोटांना अजून तो चिखल होता.

"त्यात वार बांधली की," केरबा म्हणाला. "ह्यांनीच दिला. वडाला टांगून आलो."

"मग काढून आणा! धुऊन घेऊ."

कोणी हललं नाही. सुष्मितालाही बोलल्यावर आठवलं असावं, कारण घाटाकडं उचललेला तिचा हात हळूच खाली आला. वडाला चीक असतो. व्यालेल्या म्हशीची वार त्या झाडाला टांगली की तिला दूध उतरतं. आणि एकदा टांगलेली काढली की म्हैस आटते. खरं की खोटं कुणी तपासायला जात नाही. कारण तपासायचं म्हणजे एका घराची म्हैस पणाला लावायची.

"काढ जा केरबा," धोंडुबाई म्हणाली. ती दारात येऊन उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत ओली. "त्यांचं नाव हाय त्यात."

"वैनी..."

"जा म्हनते न्हवं? आटली तर आटली. आमचं न्हवतंच ते."

पंचाक्षरीला ते नाव हवं होतं. खोटं कशाला बोला? रंगानं हात कुजवून, शिड्यांवर कंबर मोडून त्यानं अख्खं आयुष्य दुसऱ्यांची नावं मोठी केली होती. एका भिंतीवर, ती कुठल्या का देशात असेना, आपलं नाव राहावं एवढंच त्याला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की रात्री झोपेतसुद्धा तो ती अक्षरं गिरवायचा. केरबा मुकाट्यानं वळून निघाला असता तर पंचाक्षरीनं त्याला अडवलं नसतं. पण धोंडुबाई त्याच्याकडं न बघता बोलत होती. मघाशी त्यानं तिच्या हातातून एक वस्तू काढून घेतली होती, आणि तिनं ती स्वतः दोर सोडून दिली होती. एका दिवसात एकाच बाईकडून दोनदा परत घ्यायचं त्याच्यानं होईना.

"ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "बांधलेलं सोडू ने."

"काका, विचार करा," सुष्मिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा तिला राग आला होता. तिनं पर्समधून जाड मार्कर काढला. "निदान ह्यानं तरी लिहा. कुठंही. लिहा पटकन."

तो गुडघ्यावर बसला. एका म्हशीच्या खुरापाशी जागा धरून त्यानं 'पं' काढला. कापड अजून दमट होतं. शाई पसरली आणि अक्षराचं काळं ठिगळ झालं. त्यानं अंगठ्यानं ते पुसलं, पुसून होईपर्यंत पुसत राहिला, आणि मार्कर टोपण लावून परत दिला.

"डाग पडंल. नगं."

"मी तिथं पाटी लावायला सांगेन. तुमच्या नावाची."

"सांगा," तो म्हणाला.

चित्र नळीवर गुंडाळलं ते त्यानं स्वतः, सुरकुती पडू न देता. ट्रक सुटला. पोलिसांनी सोडलेल्या शेवटच्या गाड्यांत तो शिरोली पार झाला, तसा फोनही तालमीत आला. गणपतरावांनी तो मोठ्यानं सगळ्यांना सांगितला, जणू ट्रक त्यांनीच ढकलला होता.

पंचाक्षरी मात्र तेव्हा तिथं नव्हता. शांतव्वाला पुढं पाठवून तो घाटाकडच्या वडापाशी गेला होता. पाणी बुंध्यापासून थोडंच खाली होतं. फांद्यांवर पुष्कळ गाठोडी टांगलेली होती, बहुतेक जुनी, काळी पडलेली, गवताची आणि गोणपाटाची. त्यांत एकच नवं होतं. केरबानं रंगाची बाजू बाहेर ठेवून बांधलं होतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. सुतळीच्या वर नाव पुरतं दिसत होतं. पावसानं चिखल धुऊन निघाला होता.

वाऱ्यानं गाठोडं सावकाश फिरत होतं. नाव नदीकडं जायचं, मग घाटाकडं, मग रस्त्याकडं. पंचाक्षरी खाली उभा राहिला. ते फिरून आपल्याकडं येईपर्यंत थांबला, एकदा नीट वाचलं, आणि रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढून घराकडं निघाला.